सातवा पडदा

मित्रांनो, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली, कडांचा रंग उडालेली ती निळी विजेची गिटार म्हणजे मीच. मला बावीस वर्षे झाली. माझ्यासारखी दुसरी गिटार कुठेही सापडणार नाही. हे मी गर्वाने सांगत नाही. मला एकाच माणसाच्या हाताच्या मापाने घडवले होते, एवढाच त्याचा अर्थ. आणि घडवताना माझ्यात एक खोट राहिली होती. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

शिलाँगच्या मावलाई भागात, उतारावर, पत्र्याच्या छपराची एक खोली आहे. तिथे बाह त्रोलिन खारसाती आपल्या भाचीबरोबर गिटारी बनवत. आमच्याकडे मोठ्या माणसाला 'बाह' म्हणतात आणि बाईला 'काँग'. बाह त्रोलिन तरुणपणी दुइतारा हे आमचे तारवाद्य बनवायचे, पुढे विजेच्या गिटारीकडे वळले. बाह त्रोलिनची करवत वाट चुकत नाही, असे सारी मावलाई म्हणायची. भाची दाफिमोन तेव्हा एकोणतीस वर्षांची होती आणि अकरा वर्षे त्यांच्या शेजारी काम करत होती. घर दाफिमोनच्या आईचे, मेईचे, होते, कारण आमच्यात घर धाकट्या मुलीकडे जाते. अंगणातले दुकान मात्र मामाचे.

माझे धड चाफ्याच्या लाकडाचे आहे. ती फळी बाह त्रोलिन यांनी चार वर्षे चुलीवरच्या माळ्यावर ठेवली होती. आमच्या डोंगरात ढग थेट घरात येऊन बसतात, लाकूड सुकता सुकत नाही. मान सागाची केली. मानेवर शिसवी पट्टी बसवायची आणि तिच्यावर धातूचे बावीस पडदे ठोकायचे. पडदे सतारीलाही असतात, तुम्ही पाहिले असतील. तारांखाली असते ते तांब्याचे वेटोळे दाफिमोनने गुंडाळले. केसाहून बारीक तार, सात हजार वेढे. मध्ये नुसती शिंक आली तरी तार तुटायची आणि सगळे पहिल्यापासून करावे लागायचे.

हे सगळे चालले होते काँग रिसालिन नोंगब्री यांच्यासाठी. त्या इस्पितळात नर्स होत्या. वय एकेचाळीस, बांधा लहान, हात त्याहून लहान. कॉलेजात असताना त्यांनी चार मैत्रिणींचा बँड काढला होता. मग आई अंथरुणाला खिळली, बँड मोडला आणि गिटार विकावी लागली. अठरा वर्षे त्यांनी तारेला हात लावला नाही. आता चौघी पुन्हा एकत्र आल्या होत्या. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मावलाईच्या फुटबॉल मैदानावर त्या वाजवणार होत्या. बाजारातल्या गिटारी पुरुषांच्या पंजासाठी केलेल्या असतात. म्हणून काँग रिसालिन या दुकानात आल्या आणि त्यांनी कागदावर डावा तळवा ठेवला. बाह त्रोलिन यांनी पेन्सिलीने त्याची कड काढून घेतली. माझी मान त्या कागदावरून कापलेली आहे.

आता खोटीची गोष्ट. पडदे ठोकण्याआधी शिसवी पट्टीत करवतीने खाचा पाडतात. खाच केसभर सरकली तरी तिथला सूर जन्मभर खोटा होतो. त्या सकाळी बाह त्रोलिन एकटेच होते. सहा खाचा सरळ उतरल्या. सातवीला त्यांचा हात थरथरला आणि करवत आठवीच्या दिशेने घसरली.

त्यांनी करवत खाली ठेवली. मालकालाच चावलेल्या कुत्र्याकडे पाहावे तसे ते आपल्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिले. शिसवीची दुसरी पट्टी कोपऱ्यात उभी होती. ती घेतली असती तर काहीच बिघडले नसते. पण पहिली का टाकली, असे दाफिमोनने विचारले असते. त्यांनी दाराकडे एकदा पाहिले, शिसवीचा भुसा सरसात कालवला, खाचेची उघडी कड बुजवली आणि पुढची खाच कापायला घेतली.

मी तेव्हा मुकी होते. तारा चढल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही. पट्टी मानेला चिकटली, पडदे बसले, मला निळा रंग लागला, आणि ती खोट मी आत घेऊन गप्प पडून राहिले.

मैदानावरच्या कार्यक्रमाला आठवडा राहिला होता, त्या शनिवारी दाफिमोनने मला तारा चढवल्या. ती एकेक पडदा दाबून ऐकत वर आली. सातव्यावर थांबली. पुन्हा दाबला. सूर किंचित चढा होता. तिने पोलादी पट्टी लावून मोजले, भिंग आणले आणि बुजवलेली कड तिला दिसली. मामा पाठमोरे बसून रंधा पुसत होते. एकच रंधा, कितीतरी वेळ.

रविवारी दोघे चर्चमध्ये एकाच बाकावर बसले आणि एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. सोमवारी दाफिमोनने मला त्यांच्यासमोर ठेवले.

"मामा, सातवा खोटा आहे."

नवी तार आहे, बसेल दोन दिवसांत, असे मामा म्हणाले. तिने ऐकले नाही. मग ते म्हणाले, ढोल आणि माणसांच्या गलक्यात असला फरक कोणाला ऐकू येतो?

"ऐकू येईल. आणि लोक काय म्हणतील ठाऊक आहे? अठरा वर्षं घरी बसली, हात गेला हिचा. बेसूर कोण, हे गिटारीला कोणी विचारत नाही, मामा."

"दुकान माझं आहे की तुझं?"

"घर मेईचं, दुकान तुझं. गिटार कोणाची?"

बाह त्रोलिन उठून बाहेर गेले. दिवसभर दुकानात नुसता कानशीचा आवाज होता. काँग रिसालिनना सांगायचे तर मामाची अब्रू जाते, न सांगावे तर त्यांची. दाफिमोन दोनदा फोनपाशी गेली आणि दोनदा परत आली.

मंगळवारी सकाळी काँग रिसालिन स्वतःच आल्या. रात्रपाळी संपवून थेट आल्या होत्या. त्यांनी मला मांडीवर घेतले, मानेभोवती बोटे वळवली आणि हसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अंगठा वरपर्यंत पोचला, म्हणाल्या. मग वाजवू लागल्या. आधी खाली, खुंट्यांजवळ. मग बोटे वर सरकू लागली. तिसरा पडदा. चौथा. पाचवा. मामा आणि भाची, दोघांच्याही नजरा त्या बोटांवर खिळल्या होत्या. बोट सहाव्यावर आले.

"चहा घ्या आधी, काँग," बाह त्रोलिन म्हणाले. "गार होतोय."

बोटे थांबली. बिनदुधाचा लाल चहा आला, क्वाय म्हणजे पानसुपारी आली. त्यांच्यासाठी पानाला चुना लावताना बाह त्रोलिनच्या हातून चुना टेबलावर सांडला. काँग रिसालिननी तो बोटाने पुसला आणि पान तोंडात टाकले. इस्पितळाची गाडी खाली थांबली होती, त्यामुळे त्या लगेच उठल्या. दारात वळून म्हणाल्या, "मला फार भीती वाटत होती, बाह. पण तुम्ही बनवलीय म्हटल्यावर मी डोळे मिटून वाजवीन."

त्या पायऱ्या उतरू लागल्या. मित्रांनो, त्या पायऱ्या अकरा आहेत. मी प्रत्येक पाऊल ऐकले. नववे पाऊल पडले आणि बाह त्रोलिननी हाक मारली.

त्या परत आल्या. बाह त्रोलिन उभेच होते. "सातवा पडदा खोटा आहे," ते म्हणाले. "करवत घसरली आणि मी ते लपवलं. या पोरीनं शोधून काढलं."

काँग रिसालिननी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी बाह त्रोलिनचा उजवा हात हातात घेतला आणि विचारले, "किती दिवस होतंय हे?"

"हिवाळ्यापासून."

"कोणाला सांगितलं?"

बाह त्रोलिननी नकारार्थी मान हलवली. दाफिमोन भिंतीला टेकून उभी होती. तिचा राग तिथेच विरला.

मग उपायाचे बोलणे झाले. खोटी खाच बुजवून तिच्या शेजारी नवी पाडली, तर मधली पातळ भिंत टिकणार नव्हती. अख्खी पट्टीच मानेवरून उपटून नवी बसवायची, एवढा एकच मार्ग होता. पण सरस पक्का झाला होता. त्यात मान फुटू शकत होती, आणि हातात चार दिवस होते. दाफिमोन म्हणाली, शनिवारी दुसऱ्या कोणाची गिटार मागून घ्या.

"मान फुटली तर फुटली," काँग रिसालिन म्हणाल्या. "जाणूनबुजून खोटी नको मला." आणि त्यांनी गाडी परत पाठवली.

माझी मान धडापासून सोडवली गेली. पडदे पकडीने एकेक उपटले. मेई घरातून कपड्यांची इस्त्री घेऊन आली. इस्त्री खराब करून रविवारी मला चुरगळलेल्या कपड्यांत चर्चला पाठवलंत, तर देवाला तुमची नावं सांगेन, असे बजावून तीही तिथेच बसली. इस्त्रीने पट्टी तापवायची, सरस मऊ झाला की पातळ सुरी आत सारायची. कमी तापली तर लाकूड फाटते, जास्त तापली तर मान वाकडी होते.

दाफिमोनने सुरी मामापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"माझ्या हातात दिलीस तर फुटेल," ते म्हणाले. हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा म्हटले असावे. "तू कर. मी बघतो."

सुरी आत शिरली. अठरावी खाच, पंधरावी, बारावी. गरम सरसाचा वास खोलीभर झाला. नववीपाशी आत कट् असा आवाज झाला. सुरीने वाट सोडून सागाचा तंतू उचलला होता. बोटाएवढी कपची माझ्या मानेतून वर आली. दाफिमोनचा हात जागच्या जागी गोठला.

"ओढू नकोस. ढकलूही नकोस," मामा तिच्या खांद्यामागून हळूच म्हणाले. "आली तशी मागे ने. हं. आता खुंट्यांच्या बाजूने ये. लाकडाचा तंतू तिकडून धावतोय."

तिने सुरी मागे घेतली, इस्त्री पुन्हा ठेवली, साठपर्यंत मोजले आणि दुसऱ्या टोकाकडून निघाली. संपूर्ण पट्टी सुटून बाकावर पडली. काँग रिसालिन तिथल्या तिथे स्टुलावर बसल्या आणि त्यांना लगेच झोप लागली.

कपची सरसाने पुन्हा बसवली. नव्या पट्टीच्या बावीस खाचा दाफिमोनने कापल्या. मामा डोळा पट्टीच्या पातळीला आणून बसले होते. प्रत्येक खाचेला ते 'थांब' म्हणत आणि मग 'चल' म्हणत. सातवीला त्यांनी तिला तीनदा थांबवले.

शुक्रवारी मी पुन्हा एकसंध झाले. पण सरस पुरता मुरायला आठवडे लागतात, ते कोणाकडे नव्हते. शनिवारी दुपारी मैदानावर धुके उतरले. ओलाव्याने माझी मान फुगू लागलेली मला जाणवत होती. चौघी मंचावर चढल्या तेव्हा पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, "सिस्टर, इंजेक्शन विसरलात काय?" लोक हसले. काँग रिसालिनच्या तळव्याला घाम फुटला होता, तो माझ्या मानेला लागत होता.

पहिले गाणे नीट पार पडले. दुसऱ्याच्या मध्यावर माझी तिसरी तार उतरली. ते त्यांना कळले, ढोल वाजवणाऱ्या मैत्रिणीलाही कळले. तिने दोन ठेके वाढवले. तेवढ्या फटीत काँग रिसालिननी उजवा हात खुंटीवर नेला, पाव फेरा पिळला आणि परत आणला. मग त्यांची बोटे वर निघाली. पाचवा, सहावा. बाह त्रोलिन मंचाच्या बाजूला मान खाली घालून उभे होते. सातव्या पडद्यावर बोट पडले आणि काँग रिसालिननी तिथला सूर लांबवला.

सूर खरा होता.

फार मोठा जयजयकार झाला, असे मी सांगणार नाही. टाळ्या झाल्या, आणखी एक गाणे वाजवा म्हणून लोक अडून बसले, एवढेच. बाह त्रोलिननी त्यानंतर करवत धरली नाही. ज्यांनी ज्यांनी गिटार बनवायला सांगितली होती, त्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः जाऊन सांगितले की आता खाचा भाची कापते, आणि चांगल्या कापते. दोघे आपली मागणी मागे घेऊन गेले. बाकीचे राहिले.

मी सुखाची वर्षे पाहिली. कार्यक्रम झाले, लग्ने झाली, मुली माझ्यासोबत फोटो काढून घेत. मग काँग रिसालिनची बदली दूरच्या तुरा शहरात झाली. तिथे त्यांचे काम वाढले आणि मी पिशवीसकट कपाटावर गेले. माझ्या तारा ताणलेल्याच राहिल्या होत्या. सहा वर्षे कोणी त्या सैल केल्या नाहीत. बुरशी चढली, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी गंजली, मान धनुष्यासारखी वाकली. मित्रांनो, वाजून वाजून झिजण्याचे दुःख मला कधी झाले नाही. ताणलेल्या अवस्थेत विसरले जाणे मात्र फार कठीण असते.

निवृत्त होऊन परतल्यावर काँग रिसालिननी पिशवी उघडली आणि त्या रडल्या. दाफिमोनला मला सरळ करायला चार महिने लागले. आता मी इथे दुकानातच राहते, कारण ही भिंत कोरडी आहे. आठवड्यातून तीनदा काँग रिसालिन येतात.

बाह त्रोलिन अजून आहेत. त्यांना चहाचा पेला धरता येत नाही, मेई धरते. पण रविवारी चर्चहून आले की ते माझ्यासमोर बसतात. दाफिमोन खुंटी पिळते आणि ते डोळे मिटून 'जरा उतरव', 'जरा चढव' असे सांगतात. त्यांचे कान अजून एकदाही चुकलेले नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे वाद्य पिशवीत पडून असेल. आज ते बाहेर काढा. धूळ पुसा, तारा सैल करा, वाजवता येत नसेल तरी एकदा छेडून बघा. आणि ते ज्याने घडवले तो माणूस जवळपास असेल, तर त्याचा हात हातात घ्या. तो थरथरत असेल, तर लगेच सोडू नका.