हजेरीची राहुटी

मी राहुटी बोलतेय. जाड खाकी कापडाची, बांबूंवर ताणलेली. माझ्याकडे बघून कुणी थांबावं असं माझ्यात काही नाही. आणि थांबलंच कुणी, तर मलाच अवघडल्यासारखं होतं.

मला नगरला शिवलं. नगर म्हणजे लष्कराचं गाव, तेव्हा मी जवानांबरोबर कुठेतरी डोंगरात जाईन असं मला वाटलं होतं. पण बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मला ट्रकमध्ये टाकून शेवगावच्या बाजूला नेलं. तिथं पाझर तलावाचं काम चालू होतं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया तापलेल्या मातीची घमेली वाहत होत्या. त्या सगळ्या माळावर सावली एकच होती, माझी. आणि ती मुकादमाची होती.

आबासाहेब मुकादम माझ्यात खुर्ची टाकून बसायचा. हजेरी तोच लावायचा. हजेरी चुकली की घरात चूल पेटायची नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बायांनाही.

छबूबाई विशीतली होती. नवरा मच्छिंद्र बैल घेऊन गुरांच्या छावणीत गेलेला. ती सासूबरोबर, केशरबाईबरोबर, कामावर यायची. एका दुपारी बाया भाकरी खायला बसल्या असताना आबासाहेबानं हाक मारली, "छबू, तुझ्या हजेरीत घोळ हाय. आत ये."

ती आत आली. त्यानं माझा पडदा खाली सोडला.

पुढचं मी सांगणार नाही. ते कुणाला सांगायचं, हे तिचं तिनं ठरवायचं. एवढंच सांगते, ती ओरडली होती. माझं कापड जाड आहे, पण आवाज अडवण्याइतकं नाही. बाहेरच्या बायांनी माना खाली घातल्या आणि घास गिळले. त्यांच्यात केशरबाईही होती.

छबू बाहेर आली, तेव्हा तिनं सासूकडे बघितलं. "आत्याबाई, तुमी आईकलं ना?"

"गप ऱ्हा," केशरबाई पुटपुटली. "बोभाटा झाला तर मच्छिंद्र तुला नांदवायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशीही छबू कामावर आली. न येऊन करणार काय? तिच्याशी कुणी बोललं नाही. वाऱ्यानं पडदा हलला तरी ती दचकायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मुकादमाच्या हातात मी त्याची भिंत झाले होते.

मग एकदा आबासाहेबानं कामावरच्या रंगूबाईच्या लेकीला आत बोलावलं. पोरगी अजून परकर-पोलक्यातली होती. पडदा खाली येतोय तोच केशरबाई घमेलं टाकून उठली आणि थेट आत घुसली.

"हिची हजेरी माझ्याम्होरं लाव."

"म्हातारे, भाईर हो!"

"न्हाई व्हत."

पोरीचा दंड धरून ती बाहेर आली. समोर छबू उभी होती. ती हळूच म्हणाली, "माझ्या टायमाला का न्हाई आलात?"

केशरबाई खाली मातीतच बसली. "भ्याले गं बाई," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

त्याच संध्याकाळी दोघी सासू-सुना शेवगावला शोभाताईंकडे गेल्या, हे मला मागाहून बायांच्या बोलण्यातून कळलं. शोभाताई शाळेत शिकवायच्या आणि गावातलं महिला मंडळ चालवायच्या. मंडळात तोवर शिवणकाम आणि हळदीकुंकू एवढंच होत असे. छबूनं शोभाताईंना सगळं सांगितलं. "इतक्या जवळ हे चाललं होतं आणि आम्ही शिवणकामाचे टाके मोजत बसलो होतो," असं म्हणून त्यांनी पायात चपला सरकवल्या.

पोलीस चौकीवरच्या जमादारानं विचारलं, "साक्षीदार कोण?"

"मी," केशरबाई म्हणाली. "मी समदं आईकलं आन् बसून ऱ्हायले. तसंच लिवा."

खटला अजून चालू आहे. बायांनी दोन दिवस घमेलं उचललं नाही, तेव्हा कुठे आबासाहेबाला हलवलं. हलवलं म्हणजे काय, राहात्याच्या बाजूच्या दुसऱ्या कामावर पाठवलं. पण तो पोचायच्या आधी शोभाताई आणि केशरबाई एसटीनं तिथं पोचल्या होत्या. तिथल्या बायांना त्यांनी सगळं सांगितलं: एकटीनं आत जायचं नाही, हजेरी उघड्यावर घ्यायला लावायची, एकीनं हाक मारली की सगळ्यांनी उठायचं. पुढे मंडळाच्या बाया अशाच एकेका कामावर जाऊ लागल्या.

तलावाचं काम संपल्यावर मंडळानं मला मागून घेतलं. मंडळातल्या प्रेमलाबाई म्हणाल्या, "जाळून टाका ही." मलाही तेच बरं वाटलं असतं.

छबू म्हणाली, "जाळू नका. उन्हाच्या बाया लेकरं घिऊन बसतील. पर ह्ये पडदे ठिवू नका." तिनं विळा घेतला आणि माझे चारी बाजूंचे पडदे कापून काढले.

आता माझं नुसतं छत उरलंय. मंडळ मला या कामावरून त्या कामावर नेतं. माझ्याखाली लेकरं झोपतात, बाया पाणी पितात, कधी एखादी केशरबाईच्या कानाशी लागून मनातलं बोलते. छबूही प्रत्येक ठिकाणी येते, नव्या बायांना काय करायचं ते समजावते. पण माझ्याखाली ती कधीच बसत नाही. पदर डोक्यावर ओढून बाहेर उन्हात बसते.

नव्या बाया तिला हाका मारतात, "अगं, आत ये की सावलीला!"

बायांनो, तिला आत बोलवू नका. माझ्या सावलीतून उठा आणि तिच्याजवळ जाऊन बसा.