वर्षालीनं निवडलेली बॅटरी

मित्रांनो, मी ड्रिल मशीनची एक जुनी बॅटरी आहे. वायरशिवाय चालणारं, भोकं पाडणारं, स्क्रू पिळणारं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. त्याच्या मुठीखाली बसते ती मी. माझ्या पोटात लिथियमचे सेल आहेत. आता त्यांत जीव उरलेला नाही.

मी कुठल्या कारखान्यात जन्मले, ते आठवत नाही. आठवतं ते चिंचवडमधलं हत्यारांचं दुकान. तिथं नवनाथ आणि वर्षाली हे नवराबायको आले. मूळचे लातूरकडच्या औशाचे, राहायला चाकणला. पडद्यांचे दांडे, कपाटं बसवायचं काम दोघं मिळून करत. नवनाथला मोठी, जास्त वेळ चालणारी बॅटरी हवी होती. वर्षालीनं मशीनला आधी ती लावली, मग मला, आणि दोन्ही वेळा हात डोक्यावर ताणून धरला.

"मोठीनं खांदा भरून येईल. वरचं काम मलाच करावं लागतंय," ती म्हणाली. "ही घ्या. चहाला थांबलो की चार्ज करू."

नवनाथ हसला. "जिचा हात, तिची बॅटरी!"

मग सुखाची वर्षं गेली. पिंपळे सौदागरच्या उंच इमारतींत वर्षाली शिडीवर असे आणि नवनाथ खाली शिडी धरून. एका आजींनी तिला विचारलं, "बाई गं, भीती नाही वाटत?"

"कशाची? त्यांनी धरलीय की शिडी!"

हळूहळू मी थकले. दोन कपाटं झाली की दमून थांबायचे. तेव्हा नवनाथनं रस्त्यावरच्या एका विक्रेत्याकडून बिननावाची बॅटरी आणली. तिच्यावर क्षमतेचा भला मोठा आकडा छापला होता. वर्षालीनं ती तळहातावर तोलली.

"आकडा एवढा मोठा अन् वजन काहीच न्हाई. भेव वाटायलंय मला. परत द्या ही."

"उद्याचं मारुंजीचं काम होऊ दे. मग परत करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती चार्जरला लावली आणि तो बाहेर गाडीला सामान बांधू लागला. मी फळीवर होते. त्यांची लेक पिंकी चार्जरशेजारीच बसून शाळेसाठी वेणी घालत होती. आधी बारीक शिट्टीसारखा आवाज आला, मग पांढरा धूर. वर्षालीनं विचार केलाच नाही. तिनं ती बॅटरी उचलली आणि दाराकडे धावली. दार येईपर्यंत तिच्या मुठीतूनच जाळ निघाला. तरी तिनं ती अंगणात जाऊन फेकली.

पिंकीला ओरखडाही आला नाही. वर्षालीच्या उजव्या हाताची जखम बऱ्याच महिन्यांनी भरली, पण बोटं वळेनात.

नवनाथनं कामं घेणं सोडलं. तो कंपनीत कंत्राटी शिफ्टला जाऊ लागला. मशीन कोपऱ्यात पडलं आणि मी त्याच्यासोबत.

एका दुपारी वर्षालीनं मशीन पुसून घेतलं, मला तासभर चार्ज करून लावलं. उजव्या हाताचं बोट खटक्यावर टेकेना, म्हणून तिनं डाव्या हातानं दाबलं. मित्रांनो, मी खूप जीव एकवटला. पण मशीन फिरेना. लिथियमची बॅटरी फार दिवस रिकामी राहिली की आतून मरते. तिला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, खटका दबतच नाही, आपला डावा हातही कामातून गेला. ती तिथंच फरशीवर बसून रडली.

नवनाथ शिफ्टवरून आला. त्यानं स्वतः खटका दाबून पाहिला.

"बॅटरी गेलीय गं. तुझा हात चांगला हाय."

"तुम्ही म्हणला होता, परत करू."

इतक्या महिन्यांत ती हे पहिल्यांदाच बोलली. नवनाथ तिच्याशेजारी फरशीवर बसला. तिचा उजवा हात मांडीवर घेऊन तो एकेक बोट वळवू पाहत राहिला.

मित्रांनो, बॅटरी घेताना नुसत्या छापील आकड्याला भुलू नका. चार्जिंगला लावून तिथून निघून जाऊ नका. आणि घरातलं माणूस 'भेव वाटायलंय' म्हणालं, तर उद्याची वाट बघू नका.

उद्या मला ई-कचऱ्याच्या पेटीत टाकणार आहेत. माझे सेल फोडून त्यांतला माल नव्या बॅटरीत घालता येतो म्हणे. वर्षालीच्या बोटांसाठी अशी पेटी कुठंच नाही.