नुसतं बसायचं काम

परदेशातलं ते ऑपेरा हाऊस राजाराण्यांच्या काळातलं. सोनेरी मुलाम्याचे सज्जे, लाल मखमलीच्या खुर्च्या, छताला हे एवढं झुंबर. नाटक मंडळी आत शिरली तेव्हा सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी. आणि या सगळ्या थाटातून वहिनींच्या वाट्याला काय आलं? खोकं!

खोकं म्हणजे प्रॉम्प्टरची जागा. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, अगदी मधोमध, फळ्यांत पाडलेलं एक भोक आणि त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने उभ्या सुपासारखा लाकडी आडोसा. तळघरातून शिडी चढून आत जायचं, स्टुलावर बसायचं, की डोकं तेवढं रंगमंचाच्या वर येतं. पाठ प्रेक्षकांकडे, तोंड नटांकडे, गुडघे फळीला टेकलेले. खालच्या दाराची आतली कडी मोडकी. दार किलकिलं झालं तरी उजेड थेट वर जायचा. म्हणून तिथला सुतार बाहेरून खिट्टी घालायचा. मध्यंतर होईपर्यंत बाई आत बंद.

"आपल्याकडे विंगेत बरं असतं हो," वहिनी पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "निदान खोकता तरी येतं."

एके काळी याच नाटकात वहिनी नायिका होत्या, तेही टाळ्या घेणाऱ्या. लेक झाली तेव्हा "ती जरा मोठी होईपर्यंत" म्हणून भूमिका दुसरीकडे गेली. पुढे बुवा, म्हणजे त्यांचे यजमान आणि मंडळींचे मुख्य गायक नट, शब्द विसरायला लागले. आवाज अजून तेजीत, पण शब्द ऐन वेळी दगा देणार. "तेवढं विंगेतून बघ गं जरा," बुवा म्हणाले. लेक मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि वहिनी आपल्या अजून जरा बघतच होत्या.

पण आता सुटका जवळ आली होती. हा शेवटचा दौरा, असं बुवांनी वचन दिलं होतं. मग घरी जाऊन पुढच्या खोलीत वहिनींचा गाण्याचा क्लास. वहिनींनी निघण्याआधी पेटीचा भातासुद्धा दुरुस्त करून घेतला होता. "आई, गल्लीतल्या पोरी विचारून विचारून डोकं खातायत," लेक फोनवर सांगायची, आणि वहिनींना कोण आनंद व्हायचा.

त्या दिवशी सकाळी नाश्त्याला मंडळींचे मालक पावाला लोणी फासता फासता म्हणाले, "वहिनी, दुपारचा प्रयोग रंगू दे फक्त! इथल्या संचालिकाबाई वर्षभराचा करार करतायत. देशोदेशीची अशीच थिएटरं. बुवा तर कधीच हो म्हणालेत."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि बुवांकडे बघितलं. बुवा खिडकीतून बाहेर बघायला लागले.

खोलीत आल्यावर वहिनींनी विचारलं, "अहो, मला एका शब्दाने विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? गायचं मला, उभं राहायचं मला." बुवांनी आरशात बघत शालीची घडी नीट केली. "तुला काय गं, नुसतं बसायचं तर असतं."

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मनात म्हणाल्या, नुसतं बसायचं असतं काय? मग आज नुसतीच बसते!

दुपारी सुताराने खिट्टी घातली आणि पडदा वर गेला. आपली माणसं रविवारच्या प्रयोगाला यायची होती. आज सगळा प्रेक्षक तिथलाच, रंगमंचाच्या माथ्यावरच्या पट्टीवर उमटणारं भाषांतर वाचणारा. पहिला अंक बुवांनी कसाबसा रेटला, आणि अंकाच्या शेवटी ते गाणं आलं. रुसून दार लावून बसलेल्या नायिकेला नायक बोलावतो, 'चांदणे दारात आले, ये सखे बाहेर आता'. नाटकाचा सगळा जीव या गाण्यात. ते पडलं की प्रयोग पडला, करार गेला, आणि वहिनी घरी.

ध्रुवपद झकास झालं. अंतऱ्याच्या तोंडाशी बुवा थांबले. एक तान घेतली. परत थांबले. त्यांची नजर खोक्याकडे वळली, नेहमीसारखी, हक्काने.

वहिनींनी ओठ घट्ट मिटले.

बुवांनी दुसरी तान घेतली, पण तिच्यात काही जीव नव्हता. खोक्याला लागूनच वादकांचा खड्डा होता, तिथून तबलजी कुजबुजला, "वहिनी, द्या ना हो शब्द! वाट लागेल!" वहिनी ढिम्म. शब्द जिभेच्या टोकावर होता. याच माणसाबरोबर उभा जन्म काढलेला. त्याचं असं भर रंगमंचावर हसं व्हायचं? होऊ दे. आज नाही तर कधीच नाही.

बुवांची पाचावर धारण बसली. ते पुढे आले, खोक्यासमोर चक्क गुडघे टेकले, आणि त्याच सुरात, त्याच तालात गायला लागले, "शब्द दे गं... अगं, शब्द दे ना..."

तबलजीचा हात क्षणभर चुकला आणि परत समेवर आला.

"चुकलो गं मी..." बुवांचा आवाज कापत होता. "तुला विचारलं नाही, चुकलो... तुझ्यावाचून माझं कसं व्हायचं... चुकलो गं मी..."

डोळ्यांत पाणी होतं आणि ते डोळे खोक्यातल्या वहिनींवर खिळलेले होते. त्या माणसाने साऱ्या संसारात हा शब्द कधी उच्चारला नव्हता. स्वतःच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तर मिठाची चूक म्हणणारा माणूस! वहिनींचा बांध फुटला. गालावरून पाणी ओघळायला लागलं, आणि पुसायला हातही वर येईना. हुंदका आवरत त्यांनी अंतऱ्याचा पहिला शब्द दिला. बुवांनी तो झेलला आणि गाणं असं काही उचललं की बस.

अंकाचा पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात. खोकं हादरत होतं. सुताराने खिट्टी काढली आणि वहिनी शिडी उतरल्या. आता हे भेटले की सांगायचं, झालं गेलं विसरू, घरी जाऊ.

खाली मालक जवळजवळ नाचत होते. "वहिनी, करार पक्का! संचालिकाबाई रडल्या हो! म्हणाल्या, ते गुडघे टेकून गायलेलं गाणं प्रत्येक प्रयोगात अगदी तस्संच पाहिजे." मागून तबलजी आला आणि त्याने वहिनींच्या पायांनाच हात लावला. "वर्षभराची भाकरी लागली हो आम्हाला सगळ्यांना. घरी फोन करून सांगतो."

त्या पोराचा चेहरा बघून वहिनींनी 'घरी जाऊ' गिळून टाकलं.

तेवढ्यात बुवा घाम पुसत आले. "कशी वेळ मारून नेली, बघितलंस? आज झोपली होतीस की काय?"

"बुवा, पण मध्ये म्हणालात तरी काय?" मालकांनी विचारलं. "उद्यापासून तेच म्हणायचंय."

"मला काय आठवतंय! आलं तोंडाला ते बरळलो." बुवांनी वहिनींकडे बोट केलं. "हिला विचारा. हिला सगळं पाठ असतं."

आणि खरंच, वहिनींना शब्द न् शब्द पाठ होता.

दुसऱ्या दिवशी सुताराने खिट्टी घातली. अंतऱ्याच्या तोंडाशी बुवा थांबले, खोक्यासमोर ठरल्याप्रमाणे गुडघे टेकले आणि कान पुढे केला.

"चुकलो गं मी," वहिनी कुजबुजल्या.

बुवांनी मान वर केली, आणि वहिनींच्या डोक्यावरून थेट वरच्या सज्ज्याकडे बघत, भरल्या गळ्याने, फार सुरेख म्हटलं ते.