बाहेरचा पत्ता

माझं काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडतं. नागपूरच्या एका छोट्या कंपनीसाठी मी बोरगाव मेघेच्या घरी बसून यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांचा कर्नल सांभाळते. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. यंत्राला प्रत्यक्ष हलवणारा कोड तिथेच असतो.

या गाभ्यात मेमरीचे पत्ते दोन प्रकारचे असतात. काही आपले, काही बाहेरच्या प्रोग्रामने दिलेले. बाहेरच्या पत्त्यावर जे ठेवलंय ते कधीही बदलू शकतं, म्हणून ते सरळ वाचायचं नसतं. आधी त्याची नक्कल आत घ्यायची. हे विसरू नये म्हणून अशा पत्त्याच्या प्रकाराला कोडमध्ये एक खूण जोडतात. लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा आमचा जुना कंपायलर त्या खुणेकडे बघतच नसे. ती तपासायला वेगळा प्रोग्राम चालवावा लागे आणि आम्ही तो क्वचितच चालवायचो. नवा कंपायलर खूण शेवटपर्यंत सोबत नेतो आणि ती कुणी काढून टाकली तर तेही सांगतो.

२९ जानेवारीला दुपारी साडेबाराला मी देवळीजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमधल्या, रुईच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसचा कोड नव्या कंपायलरला दिला. एकच इशारा आला. ओळ ४१२: बाहेरच्या पत्त्याची खूण काढलेली, नक्कल घेतलेली नाही, आणि दर सेकंदाला तिथे सरळ वाचन.

ओळ लिहिणाऱ्याच्या जागी माझं नाव होतं. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, तो तपासणारा प्रोग्राम कुरकुर करत होता म्हणून मी खूणच काढली होती. कुरकुर थांबली होती.

त्या पत्त्यावर काय असतं ते मी शोधलं. प्रेसच्या स्क्रीनवर दाबलेला हुकूम तिथे यायचा. पण स्क्रीन मोकळा असला की स्क्रीनचा प्रोग्राम त्याच जागी दुसरं काही ठेवायचा: मागच्या वर्षी याच तारखेला, याच मिनिटाला प्रेसने काय केलं, त्याची नोंद. यंदापासून मालकाला तुलना बघायची हौस आली होती. माझी ओळ ती नोंदही हुकूम म्हणून वाचत होती.

मला प्रेमदासमामाचा फोन आठवला. मामा त्याच प्रेसवर आहे.

"मेघा, आमची प्रेस आपल्या मनानं चालून राह्यली," चार दिवसांपूर्वी तो म्हणाला होता. "तीनदा झालं."

"कोणी बटण दाबलं असेल, मामा."

"कोनी नाई. कोकिळा म्हन्ते, नत्थूजीले अजून सुट्टी नाई भेटली."

कोकिळा तिथे झाडू मारते; नत्थूजी हे मामाच्या आधीचे प्रेसवाले. मागच्या जानेवारीत वारले. मी हसले होते, पण सवयीने वेळा लिहून घेतल्या होत्या. १२ तारीख, १:३८. १६ तारीख, १:४१. २३ तारीख, १:३९.

बोर्डाच्या जुन्या नोंदी कंपनीकडे येतात. मी मागच्या वर्षीची फाइल उघडली. १२ जानेवारी, १:३८, एक ठोका, म्हणजे दट्ट्या एकदा खाली-वर, कामगार नंबर सात. १६ जानेवारी, १:४१, सात. २३ जानेवारी, १:३९, सात. मग मी २९ जानेवारी शोधली.

१:४७. सात.

घड्याळात बारा पन्नास झाले होते. मामाला फोन लावला, पण रुईला आग लागू नये म्हणून तिथे काडेपेटी आणि मोबाइल फाटकावरच ठेवून घेतात. मी स्कूटर काढली.

तिथली एक पद्धत मला लहानपणापासून माहीत होती. जेवणाच्या सुट्टीत प्रेसच्या दट्ट्याखालच्या पेटीत उतरून अडकलेली रुई काढतात. उतरणारा आपल्या चपला बटणाखाली ठेवतो. चपला दिसल्या की बटणाला कोणी हात लावत नाही. मेन स्विच बंद करत नाहीत, कारण बोर्ड परत चालू व्हायला सात मिनिटं जातात.

शेडमध्ये पोचले तेव्हा १:४३ झाले होते. सगळी यंत्रं थांबलेली. रुईचे बारीक तंतू उन्हाच्या पट्ट्यात लोंबकळत होते, खाली येत नव्हते. बटणाखाली मामाच्या चपला होत्या, अगदी सरळ लावलेल्या.

"मामाचा डबा आनला काय, बाई?" झाडू टेकवून कोकिळा म्हणाली. "तो पेटीत हाय."

"मामा, बाहेर ये."

"काऊन?" आवाज खालून, पत्र्यातून आला. "येतो ना व. एवढा एक कोपरा राह्यला."

"आत्ता ये. नत्थूजीची शपथ."

हे मी का म्हटलं ते मला माहीत नाही. पण मामा वर आला, डोक्यावर, भुवयांवर रुई, पाय उघडे. "काय झालं? घरी कोनी..."

"मेन कुठे आहे?"

"तिकडं, त्या टोकाले. पन सात मिनिटं..."

दट्ट्या खाली आला. कोणीच काही दाबलं नव्हतं. तो घाईत नव्हता. तळापर्यंत गेला, क्षणभर थांबला, आणि वर गेला. मग पुन्हा शांत. चपला जागच्या जागी होत्या.

कोकिळानं हात जोडले. "नत्थूजी, आता पुरे करा."

मी वेळा लिहिलेला कागद काढून मामाला मागच्या वर्षीच्या चारही तारखा दाखवल्या. ती ओळ माझी आहे हेही सांगितलं. तो माझ्यावर रागावला नाही. त्याचं बोट कागदावर अडकलं होतं.

"नत्थूजी पेटी साफ केली का एक रिकामा ठोका मारत," तो म्हणाला. "म्याही तेच शिकलो."

"म्हणून त्यांच्या नंबरच्या नोंदी आहेत."

"पन ते वीस तारखेले वारले, मेघा. मले नवा नंबर कोनी देलाच नाई. मी सातच दाबतो." त्यानं तेवीसवर बोट ठेवलं, मग एकोणतीसवर. "हे दोन माहेच हायेत, म्या मारलेले."

तो स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

मग तो शेडच्या टोकाला जाऊन मेन पाडून आला. मेन पडण्याआधी मी स्क्रीन बघितला होता. आजच्या तारखेखाली नवी ओळ आली होती: १:४७, एक ठोका, सात.

"लिवलं काय त्यानं?" मामानं विचारलं.

"हो."

"मंग पुढच्या साली?"

"आज संध्याकाळपर्यंत मी ती ओळ बदलते. मग येणार नाही."

मामानं मान हलवली. चपला मात्र त्यानं घातल्या नाहीत. मी निघेपर्यंत त्या बटणाखालीच होत्या, आणि तो अनवाणी उभा होता.