गुडघ्याखालच्या मेणबत्त्या

लवोना आणि मी स्वतःची गाणी स्वतः बांधतो आणि वाइनच्या तळघरांतून गातो. चाळीसेक माणसं, हातात प्याले, दोघांत मिळून एक माइक. पार्ल गावाजवळच्या त्या द्राक्षमळ्यावर जायला मात्र मी राजी नव्हतो. लवोनाचा बाप, ऊम फ्लिपी, सगळ्या गावाचा ऊम म्हणजे काका, तिथल्याच तळघरात गुदमरून मेला होता.

दिवस द्राक्षतोडीचे. टाक्यांमध्ये रस फसफसत होता. रस आंबताना सुटणारा वायू दिसत नाही, पण जड असतो, जमिनीलगत साचत जातो. म्हणून तळघरात उतरताना पेटती मेणबत्ती गुडघ्याखाली धरायची, ती विझली की तडक वर यायचं, हा आमच्या बापजाद्यांचा नेम. ऊम फ्लिपी मेला त्या दिवशी घाईत होता. रसाने भिजलेल्या बुटांनिशी, मेणबत्ती न घेताच उतरला.

"पंखे बंद करायला सांगितलेत," लवोना म्हणाली. "माइकमध्ये नुसती घरघर येते."

"राहू देत पंखे. तेच वायू बाहेर ओढतात, आणि टाक्या भरलेल्या आहेत."

"एल्रॉय, तू गायला आलायस की पहारा द्यायला? तासाभराचा तर प्रश्न."

"तुझ्या बापालाही अशीच घाई होती."

"त्याचंच गाणं गायचंय मला इथे. घरघरीत नाही गाणार."

तिच्या हट्टापुढे माझं कधी चाललंय? मळ्याच्या मालकीणबाईंनी शोभेसाठी जमिनीवर मेणबत्त्यांच्या रांगा मांडल्या होत्या. मला बरंच वाटलं, निदान त्यांच्यावर नजर तरी ठेवता येईल. लवोनाची चार वर्षांची टॅमलिन आमच्यामागे, पिंपांच्या पलीकडे, जमिनीवर चादर टाकून झोपली होती.

बाहेर चारचं कडक ऊन, आणि आत आम्ही ऊम फ्लिपीचं गाणं सुरू केलं. 'मेणबत्ती का नाही नेलीस' असं ती बापाला विचारते, ते.

पहिल्याच कडव्याला टाक्यांजवळची एक मेणबत्ती विझली. वारा नव्हता. मग तिच्या शेजारची. एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आला बघ तो," कुणीतरी बाई कुजबुजली.

आणि तेवढ्यात मला तो आवाज ऐकू आला. आमच्या दोघांच्या खाली, खर्जात, तिसरा कुणीतरी गात होता. शब्द बरोबर, आणि सूर थोडा मागे रेंगाळणारा. लवोनाने माझ्याकडे पाहिलं. तिनेही ऐकला होता. पुढची अख्खी रांग विझली.

मी गिटार थांबवली. "उठा. सगळे वर चला."

लोक हसले. कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना. दोघांनी तर टाळ्याही वाजवल्या.

"वायू साचलाय, उठा म्हणतो ना!"

मग मात्र खुर्च्या पडल्या, प्याले फुटले. लवोना पिंपांमागे धावली. चादर रिकामी होती.

"टॅमी!" म्हणत ती जमिनीवर वाकून चाचपडू लागली. मी तिची कॉलर धरून तिला वर ओढलं. "वाकू नकोस. मूर्ख बाई, वाकू नकोस."

"मम्मी."

आवाज डोक्यावरून आला. पिंपांच्या तीन थरांवर, छताला टेकून, टॅमलिन पाय सोडून बसली होती. टाचा उंचावूनही माझा हात जेमतेम तिच्या घोट्याला लागला. कसंबसं तिला उतरवलं आणि आम्ही पायऱ्या चढून उन्हात आलो.

लवोनाने तिचे गाल चाचपले. "तुला वर कुणी चढवलं गं?"

"त्या ऊमनी."

"कुठल्या?"

"ओल्या बुटांच्या. ते म्हणाले, मेणबत्ती विझली की वर जायचं."

हा नेम तिला आम्ही कधीच सांगितला नव्हता. बापाच्या मरणाची गोष्ट लवोना लेकीसमोर काढतच नसे.

"मी म्हटलं, तुम्ही पण चला," टॅमलिन म्हणाली. "तर म्हणाले, गाणं संपलं की येतो."

गाणं तर मी अर्ध्यावर तोडलं होतं.

लवोनाने तळघराच्या उघड्या दाराकडे पाहिलं. आत मिट्ट काळोख होता. लेकीला कडेवर घेऊन, माइक नाही, गिटार नाही, तिने तिथेच उन्हात उरलेलं गाणं म्हणायला घेतलं. मीही घाबरत घाबरत साथ दिली.

खालून तिसरा आवाज लागला. शेवटच्या ओळीला तो दारापर्यंत आला होता.