कोरडी इस्त्री

प्रांजलचं लग्न झालं ते साल २०२२. लेक चेंबूरला नांदायला गेली आणि मुलुंडच्या घरातली तिची खोली मोकळी झाली. शेवंती राऊळच्या मनात होतं, तिथे एक पलंग टाकू, गावाहून कोणी आलं तर पाठ टेकायला जागा होईल. पण पलंग काही आला नाही. आलं ते विमान.

तिचा नवरा चंद्रप्रकाश साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात फिटर होता. जन्मभर दुसऱ्यांच्या मशिनी दुरुस्त केल्या, आता एक वस्तू स्वतःच्या हौसेची करायची, असं त्याने निवृत्त होतानाच ठरवलं होतं. दुसऱ्या महायुद्धातलं हरिकेन नावाचं लढाऊ विमान होतं, त्याचं लहान रूप. दोन्ही हात पसरले की मावेल एवढं, आत बॅटरीवर चालणारी मोटर, आपल्या हातात रिमोट, आणि खरोखर उडणारं. बाल्सा म्हणून एक लाकूड असतं, पापडासारखं हलकं. त्याच्या फासळ्या तो दिवसभर कापायचा, घासायचा, चिकटवायचा. भुसा उडून डाळीत पडायचा. शेवंती कुरकुरायची, पण मनातून तिला बरंच वाटे. नवरा घरात होता, डोळ्यांसमोर होता.

मग उत्तराताई यायला लागल्या.

उत्तरा कर्णिक तळमजल्यावर एकट्याच राहत. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. विमानाला हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे कसे हवेत ते विचारायला चंद्रप्रकाश एकदा खाली गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच वर येऊ लागल्या. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल. वाईट बाई नव्हती. वाईट असती तर शेवंतीचं काम सोपं झालं असतं.

शेवंतीला खुपलं ते निराळंच. चंद्रप्रकाश घरात मालवणीच बोलायचा. हसला तरी मालवणीत, ओरडला तरी मालवणीत. उत्तराताई आल्या की मात्र त्याची जीभ इस्त्री केल्यासारखी सरळ होई.

"उत्तराताई, आपण जरा हा रंग बघता का?"

'आपण!' शेवंती ओट्याशी उभी राहून मनात म्हणे. 'मला कधी आपण म्हटलंन नाही. मला 'गे' आणि 'अगे' सोडून नाव तरी आहे का?'

त्यात वरच्या मजल्यावरची विमला जिन्यात भेटली की मीठ चोळायची. "काय गं शेवंती, तुझ्या घराचा विमानतळ झाला म्हणे! आणि हवाई सुंदरी तळमजल्यावरची?"

"तू तिकीट काढून ये ना मग," शेवंती म्हणायची आणि हसायची. घरात येऊन मात्र भांडी आपटायची.

एक दिवस चंद्रप्रकाशने हाक मारली, "गे, इस्त्री खंय आसा?"

"कशाक?"

"पंखाक प्लास्टिकची फिल्म चढवूची आसा. गरम केली की ती आकसता आणि लाकडाक चिकटता."

शेवंतीने पदराला हात पुसले. त्याचे सगळे शर्ट आजवर तिनेच इस्त्री केले होते. वर्कशॉपात जाणारा माणूस, पण कॉलर अशी की साहेबाने बघत राहावं. ती इस्त्री घेऊन आली आणि म्हणाली, "द्या, मी करतंय."

"तुका नाय जमाचा. ह्या शर्ट न्हय," तो म्हणाला आणि इस्त्री उत्तराताईंच्या हातात दिली.

शेवंती स्वयंपाकघरात गेली. खोबरं वाटायचं होतं. एरवी तिने पाट्यावर वाटलं असतं, पण आत 'आपण असं करा, आपण तसं करा' सुरू झालं होतं आणि ते कानावर पडायला नको होतं. तिने मिक्सर लावला आणि वाटण गुळगुळीत झालं तरी चालू ठेवला. इस्त्री कशी फिरवायची ते चंद्रप्रकाशने नीट समजावलं, ते असं घरभर घुमणाऱ्या मिक्सरखाली गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो बॅटरी आणायला बाहेर गेला. शेवंती झाडू घेऊन त्या खोलीत शिरली. डावा पंख टेबलावर पालथा होता. वरच्या बाजूला फिल्म चढली होती, खालची बाजू अजून उघडी होती, फासळ्या दिसत होत्या. तिने पंख उलटून पाहिला. टोकाजवळ एक सुरकुती राहिली होती.

'हे जमलं होय तुमच्या ताईंना!' तिला इतका आनंद झाला की झाडू हातातून पडला.

तिने इस्त्री लावली. वाटीत पाणी घेतलं. उघड्या बाजूने लाकडावर सपासप पाणी शिंपडलं, शर्टावर शिंपडतात तसं, पाण्याशिवाय घडी बसते कुठे? मग पंख उलटा करून वरून इस्त्री फिरवली. सुरकुती गेली. पंख ताटासारखा गुळगुळीत झाला.

संध्याकाळी चंद्रप्रकाशने पंखावरून हात फिरवला. "वा, उत्तराताई! काल ही सुरकुती होती ना? आपल्या हातात कसब आहे!"

उत्तराताईंनी पंखाकडे पाहिलं, मग शेवंतीकडे पाहिलं, आणि चष्मा पुसत राहिल्या. शेवंतीचा जीव तीळ तीळ तुटला. 'मी केलंय' म्हणावं, तर विचारल्याशिवाय हात लावल्याबद्दल बोलणी. न म्हणावं, तर कौतुक त्यांचं. ती आत जाऊन भाकऱ्या थापू लागली. चंद्रप्रकाशला रविवारी उडवायची घाई. पंख आधीच तपासलेला होता, म्हणून आत नीट न बघता त्याने लगेच खालून फिल्म चढवून टाकली.

बदलापूरच्या पुढे एक माळ आहे. असे हौशी लोक रविवारी तिथे जमतात. सुयोगने, म्हणजे जावयाने, गाडी काढली. उत्तराताईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे बसल्या. मागे शेवंती, मांडीवर पंख घेऊन.

विमान सुंदरच दिसत होतं, ते शेवंतीलाही नाकारता येईना. मोटर सुरू झाली, मधमाश्या उठाव्यात तसा आवाज झाला, आणि विमान जमीन सोडून वर गेलं. चंद्रप्रकाशचं तोंड उघडंच राहिलं. मग विमान डावीकडे कललं. तो रिमोटवर उजवीकडे ओढत होता, ते डावीकडेच वळत होतं. शेवटी पुरतं उलटं झालं आणि सगळ्यांच्या देखत माळावर नाक खुपसून पडलं.

चंद्रप्रकाश धावला. डावा पंख उचलून एक डोळा मिटून त्याने कडेवरून नजर टाकली. पंख पिळलेला होता, फडकं पिळावं तसा. फिल्म फाटली होती आणि आत लाकडावर पाण्याच्या थेंबांचे डाग होते.

तो वळला तो थेट उत्तराताईंवर.

"पाणी मारलंस तू हेका? तुका सांगितलंय ना मी, कोरडी इस्त्री फिरव म्हणून! लाकूड पाणी पिता आणि सुकताना पीळ घेता, ह्या सांगाक नाय मी तुका? शिरा पडो त्या इस्त्रीर! लक्ष खंय असता गे तुझा?"

माळावरची माणसं बघू लागली. सुयोग खाली बघत उभा राहिला. उत्तराताईंचा चेहरा पांढरा पडला, पण त्या शेवंतीकडे बोट दाखवेनात.

शेवंतीला हेच तर हवं होतं. आता ही बाई पुन्हा जिना चढणार नाही. पण आनंद व्हायच्या आधीच तिच्या कानात ते शब्द शिरले. तुका. गे. तुझा. हे बोलणं तिच्या घरातलं होतं. आमटी खारट झाली तर तिला, लेक उशिरा आली तर लेकीला. बाहेरच्या माणसावर चंद्रप्रकाश असा कधी ओरडला नव्हता. आणि आज भर माळावर तो या बाईवर ओरडत होता, ती जणू घरचीच असल्यासारखा. 'आपण' परवडलं, पण हे? हे तर तिच्या एकटीचं होतं.

"ओ!" शेवंती मध्ये घुसली. "त्यांका कित्याक ओरडतास? पाणी मी मारलंय!"

"तू?"

"मी. सुरकुती मी काढलंय. ओरडायचं तर माझ्यावर ओरडा!"

चंद्रप्रकाशने तिच्याकडे पाहिलं, हातातल्या पंखाकडे पाहिलं, आणि मग असा काही ओरडला की झाडावरचे कावळे उडाले. शेवंती पदर खोचून ऐकत राहिली. एक शब्दही तिने खाली पडू दिला नाही.

दम लागून तो थांबला, तेव्हा उत्तराताई म्हणाल्या, "सुरकुती काढलेली मात्र झकास होती हं, राऊळ. माझ्याने निघाली नसती."

"तुम्हाला ठाऊक होतं?" शेवंतीने विचारलं.

"पंख पाहिला तेव्हाच ओळखलं. पाण्याचं मात्र नाही गं ठाऊक. कौतुक गुपचूप घेतलं, मग बोलणी कुठल्या तोंडाने नाकारू?"

परतताना चंद्रप्रकाशने उत्तराताईंची माफी मागितली, ती 'आपण' म्हणून. शेवंतीला तेवढ्याने गाडीत डुलकी लागली.

नवा पंख शेवंतीने मढवला. कोरडी इस्त्री, बेताची गरम. उत्तराताई स्टुलावर बसून सांगत, "टोकाकडून मध्ये ये गं," आणि शेवंती मुद्दाम आधी मधून सुरू करी. संक्रांतीनंतर विमान उडालं आणि नीट खालीही उतरलं. पण दुसऱ्या फेरीला चंद्रप्रकाशने रिमोट आधी उत्तराताईंच्या हातात दिला. शेवंती त्या रात्री जेवली नाही.

त्याच पावसाळ्यात उत्तराताईंना कावीळ झाली आणि ती उलटली. शेवंती रोज डब्यात पेज घेऊन जायची, ते चंद्रप्रकाशने नेऊ नये म्हणून. तो हॉस्पिटलच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. शेवंतीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यासाठी हा असा रडेल का, हे मनात आल्यावाचून राहिलं नाही.

उत्तरा कर्णिक ९ ऑगस्ट २०२३ रोजी, बुधवारी सकाळी, मुलुंडला वारल्या.