गिरणीमागचा पत्ता

मी एक जुने पॅकेज आहे. टाइपस्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेत लिहिलेले, कोणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडता येईल असे. मित्रांनो, आमच्या इथिओपियात वर्षाचे महिने तेरा आणि बाहेरच्या जगात बारा. इकडची तारीख तिकडची करून देणे, तिकडची इकडची करणे, हे माझे काम.

अदिस अबाबात हिरुत नावाच्या मुलीने मला घडवले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. शाळा, दवाखाने, बसच्या कंपन्या, सगळ्यांनी मला जोडून घेतले. माझे कौतुक झाले आणि खरे सांगायचे तर ते माझ्या डोक्यात गेले.

माझ्या पोटात पुष्कळ फायली आहेत. एकीला दुसरी हवी असली की ती पूर्ण मार्ग सांगते: दोन फोल्डर वर जा, मग महिन्यांच्या फोल्डरमध्ये शिर. हिरुतला हे लांबलचक मार्ग आवडेनात. तिने त्यांना छोटी टोपणनावे दिली आणि कोणते नाव म्हणजे कोणता मार्ग, ते आपल्या सेटिंगमध्ये लिहून ठेवले. घरी सगळे सुरळीत चालले. तिने माझी नवी आवृत्ती प्रसिद्ध केली. टोपणनावे माझ्याबरोबर बाहेर पडली, त्यांचा खुलासा मात्र घरीच राहिला.

तिची मावशी तिला नेहमी चिडवायची, "गिरणी पाडून किती वर्षं झाली गं, तरी घराचा पत्ता म्हणून तू 'गिरणीमागे' सांगतेस. नवा माणूस फिरतोय बापडा गल्लीत." हिरुत हसायची. मीही हसत असे.

दूर जिम्मा शहराजवळच्या एका आरोग्य केंद्रात आशेनाफी संगणक सांभाळायचा. बाळाच्या लसीची पुढची तारीख आयांना आपल्या महिन्यांप्रमाणे छापून मिळे, ती माझ्यामुळे. त्याने विश्वासाने नवी आवृत्ती घेतली आणि मी उंबरठ्यातच कोसळले. 'मॉड्यूल सापडत नाही', म्हणजे त्या टोपणनावाची फाईल मिळत नाही, एवढेच मला बोलता येई. छपाई बंद पडली. बाहेर रांग वाढत होती. नर्सने घाईघाईत चिठ्ठ्यांवर संगणकात दिसत होत्या तशा, बाहेरच्या कॅलेंडरच्या तारखा लिहून दिल्या.

आशेनाफीने हिरुतला फोन केला.

"माझ्याकडे तर चालतंय, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्याच मशीनचं काहीतरी बिनसलं असेल."

तिचे ते बोलणे ऐकून मी चक्क सुखावले. त्याने मुकाट्याने माझी जुनी आवृत्ती परत बसवली. पण आया चिठ्ठ्या घेऊन केव्हाच गेल्या होत्या.

काही आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. बोन्तू नावाच्या एका आईच्या चिठ्ठीवर बारा तारीख होती. तिने ती आपल्या महिन्यातली बारा धरली; ती बाहेरच्या बारानंतर दहा दिवसांनी आली. बाळाला पाठीवर बांधून, डोंगर उतरून ती आली, तेव्हा तिचा दिवस उलटून दहा दिवस झाले होते. त्या दिवशी लस नव्हती. ती पायरीवर बसून राहिली.

"ताई, तुमच्याकडे चालतंय, मान्य," आशेनाफी म्हणाला. "मग आमच्या आयांना तुमच्याच घरी पाठवू का? पत्ता सांगा."

"गिरणीमा..." हिरुतच्या तोंडून निघाले आणि ती थांबली.

मग तिने आपली सेटिंग नसलेले एक रिकामे फोल्डर उघडले आणि एखाद्या परक्यासारखे मला तिथे आणून बसवले. मी तिच्या डोळ्यांदेखत कोसळले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिने एकेक टोपणनाव काढून पूर्ण मार्ग लिहिले, मला पुन्हा बांधले, पुन्हा त्या परक्या जागी चालवून पाहिले आणि मगच बाहेर सोडले. मोडक्या आवृत्तीवर 'ही वापरू नका' असे लिहिले. लोक मला जिथून घेतात, तिथे ती माझ्याच नावाने अजून आहे.

बोन्तू पुढच्या वेळी पुन्हा डोंगर उतरली. बाळाला लस मिळाली. जाताना ती नर्सला म्हणाली, "माफ करा बाई. तारीख माझीच चुकली."

मित्रांनो, आपले काम बाहेर पाठवण्याआधी एकदा परक्याच्या दारात उभे करून पाहा. नाहीतर तुमची माफी दुसरेच कोणीतरी मागेल, आणि तुमच्या कानावरही येणार नाही.